सायफर म्हणजे काय, आणि आजोबांच्या वहीतले ‘गज’ आणि ‘नग’

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या कापड पेठेत आजोबांचं कापडाचं दुकान होतं. माळा आवरताना त्यांची एक वही हाती लागली. वही मोडीत आहे. तक्ता समोर ठेवून अक्षरं लागतात, पण काही ओळींचा अर्थ लागत नाही. कुठे ‘गज’ लिहिलंय, कुठे ‘नग’, कुठे नुसतं एकच अक्षर आणि पुढे आकडे. घरात कुणी म्हणतं की मोडी मुळातच गुप्त लिपी होती, कुणी म्हणतं हे सायफर आहे. तर सायफर शब्दाचा अर्थ काय, तो आला कुठून, त्याला मराठीत काय म्हणायचं, आणि या वहीत आहे ते सायफर म्हणावं का?

मी साताऱ्यात मोडी कागद वाचून देतो आणि मोडीचे वर्गही घेतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. हो, तुमच्या वहीत सायफर आहे, चांगलं बेतलेलं आहे, आणि पाठवलेल्या फोटोंवरून ते सुटतंही. पण वही मोडीत आहे म्हणून ते सायफर नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते, म्हणून तिथून सुरुवात करू.

‘मोडी म्हणजे मराठ्यांची गुप्तलिपी’ हे वाक्य प्रत्येक वर्गात कुणीतरी ऐकवतंच. गुप्त कसली? सनदा, महजर, कतबे, जमाखर्च, देण्याघेण्याच्या पावत्या, लग्नातल्या आहेराच्या याद्या, सगळं मोडीत. एकोणिसाव्या शतकात शाळेची पुस्तकंसुद्धा मोडीत छापली जात. गावोगावचा कुलकर्णी जी लिपी रोज लिहितो ती शत्रूपासून काय लपणार? इंग्रजांच्या कचेरीतही मोडी वाचणारे कारकून बसलेले असत. मोडी आज अवघड वाटते त्याची कारणं साधी आहेत. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या, मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत सुटायचं, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाकडे बघायचं नाही. त्यात संक्षेप. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष हे त्या काळी सांगावं लागत नव्हतं. आपल्याला वाचता येत नाही ही एक गोष्ट, आणि लिहिणाऱ्याने आपल्याला वाचू द्यायचं नाही असं ठरवलं ही दुसरी.

तारखांचंही तेच. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं लिहिलेला कागद घेऊन लोक येतात आणि आवाज खाली आणून विचारतात, हा मंत्र आहे का हो? हे अरबी आकडे आहेत. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. हा सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, कारण सुहूरचं वर्ष मृगाला पालटतं. जानेवारी १७६१, म्हणजे पानिपत, याच सालात पडतं. पेशवाईतल्या साध्या पावतीवरही असा सन सापडतो.

गुप्तधनाचं ‘बीजक’ म्हणून ताम्रपट किंवा दगडाचे फोटो दाखवणारेही अधूनमधून येतात. त्यांना माझं एकच सांगणं असतं: ज्याने ते विकत दिलं त्याला आधी पोलिसांत न्या, वाचन नंतर करू.

मग आपल्याकडे गुप्त राखायचं ते कसं राखत? बहुतेक वेळा लिहीतच नसत. पत्र नेणारा माणूस विश्वासातला, आणि पत्रात शेवटी एवढंच की बाकीचा मजकूर अमुक ‘मुखवचने’ सांगतील. पत्र पकडलं गेलं तर हाती लागतात कुशल आणि आशीर्वाद. अशा पत्रांत अभ्यासकाचे हाल होतात, पण लिहिणाऱ्याचं काम चोख झालेलं असतं.

आता शब्दाकडे येऊ. सायफर हा इंग्रजी शब्द आहे हे खरं, पण त्याचं मूळ शून्यात आहे. शून्यासह गणित कसं करायचं याचे नियम ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये मांडले. ही दशमान पद्धत बगदादच्या बाजूला पोचली आणि नवव्या शतकात तिथल्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने हिंदू अंकांवर लिहिलं. अरबांनी ‘शून्य’ हा उच्चार उचलला नाही, अर्थ उचलला. शून्य म्हणजे रिकामं, आणि अरबीत रिकाम्याला ‘सिफ्र’. हिंदी-उर्दूतला ‘सिफर’ तोच.

पुढे पिसा गावचा लिओनार्दो, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, बापाच्या व्यापारानिमित्त उत्तर आफ्रिकेत राहिला, तिथे हे अंक शिकला आणि १२०२ साली त्यावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. सिफ्रचं त्याने ‘झेफिरम’ केलं. या झेफिरमचं इटलीत घासून घासून ‘झेरो’ झालं, तोच आपला झीरो. त्याच सिफ्रची दुसरी शाखा मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सिफ्रा’ म्हणून गेली, फ्रेंचमध्ये ‘शिफ्र’ झाली आणि इंग्रजीत ‘सायफर’. म्हणजे झीरो आणि सायफर ही सख्खी भावंडं. तुर्की भाषेत तर गंमतच आहे. तिथे शून्याला ‘सिफिर’ म्हणतात, तो थेट अरबीतून घेतलेला. आणि पासवर्डला ‘शिफ्रे’ म्हणतात, तो फ्रेंचमधून फिरून आलेला. एकाच घरात एकच शब्द दोन दारांनी शिरला.

शून्याचा गुपिताशी संबंध कसा आला? अर्थ टप्प्याटप्प्याने सरकला. आधी सायफर म्हणजे फक्त शून्य. मग कोणताही अंक. फ्रेंच ‘शिफ्र’ आणि जर्मन ‘झिफर’ यांचा अर्थ आजही अंक असाच आहे. इंग्रजीत तर हिशेब करण्यालाही सायफर हेच क्रियापद होतं. मग पंधराव्या-सोळाव्या शतकात इटलीतल्या आणि आजूबाजूच्या दरबारांत वकिलातींची पत्रं सांकेतिक करायची टूम आली. अक्षराच्या जागी अंक किंवा खूण घालायची, महत्त्वाच्या नावांना वेगळे अंक द्यायचे. अंकांनी भरलेलं पत्र म्हणून ते ‘सायफरमधलं’ पत्र. इंग्रजीत गुप्त लेखन हा अर्थ सोळाव्या शतकात रुळला. परराष्ट्र खात्याच्या सांकेतिक तारेला सायफर म्हणायची पद्धत अजून टिकून आहे. इम्रान खान यांच्यावरचा खटला बातम्यांत ‘सायफर केस’ म्हणून गाजला तो याच अर्थाने. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये वरच्या कोर्टाने ती रद्द केली.

युरोपला हे नवे अंक सुरुवातीला संशयास्पदच वाटत होते. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ साली हिशेबाच्या वहीत ते वापरायला बंदी घातली. शून्याला शेपूट जोडलं की सहा किंवा नऊ होतो, ही भीती सराफाला कळते. आपण चेकवर रक्कम अक्षरी लिहितो ती याच काळजीने.

याच शब्दाचा आणखी एक अर्थ इंग्रजीत आहे. ज्याला कुणी विचारत नाही असा माणूस म्हणजे सायफर. मराठीत यासाठी दुसरा शब्द हजर आहे, ‘पूज्य’. शून्य हा उच्चार अशुभ, म्हणून जुने लोक आकड्यातल्या शून्याला पूज्य म्हणत. आपण दिवा विझवत नाही, वाढवतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. त्यातलीच ही खोड. त्यामुळे ‘अभ्यासाच्या नावाने पूज्य’ या बोलण्यात आदराचा लवलेश नसतो. हा पूज्य पुढे तुमच्या वहीत भेटणार आहे.

आता कोड आणि सायफर. बोलताना लोक दोन्ही एकच समजतात आणि मराठीत दोन्हींना ‘सांकेतिक लिपी’ म्हणून मोकळे होतात. कोड हा शब्द लॅटिन ‘कोडेक्स’पासून. त्याचा आधीचा अर्थ झाडाचा बुंधा, मग लाकडी पाट्या बांधून केलेली वही, मग ग्रंथ, मग कायद्याचा ग्रंथ. सिव्हिल कोड म्हणतो तो हाच. तारेच्या जमान्यात दर शब्दाला पैसे पडायचे, म्हणून व्यापाऱ्यांनी अख्ख्या वाक्याला एकेक शब्द नेमून देणारी पुस्तकं काढली, ती कोडबुकं. थोडक्यात कोडमध्ये अर्थाच्या जागी दुसरं काही येतं, सायफरमध्ये अक्षराच्या किंवा अंकाच्या जागी.

मराठीतलं कोडचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण तुम्हाला ठाऊक असणार. पानिपतानंतर सावकाराचं एक पत्र उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत पडलं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही, असा मजकूर. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार, खुर्दा म्हणजे बाकीचं सैन्य. १८१८ नंतर साताऱ्यात पोलिटिकल एजंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हा मजकूर इंग्रजीत दिला आणि तो जगभर गेला. कारागिरी म्हणून मला हे पत्र फार आवडतं, कारण ते गुप्त दिसतच नाही. सावकाराच्या पत्रात मोती-मोहरा असणारच. वाटेत कुणी फोडलं तरी त्याला दिसतो एक बुडालेला व्यवहार.

पण त्याची मर्यादा पाहा. याच संकेतात ‘तोफखाना दिल्लीकडे वळवा’ असं लिहायचं म्हटलं तर लिहिता येत नाही, कारण तोफेला काय म्हणायचं ते आधी ठरलेलं नाही. सायफरमध्ये आधी न ठरलेलंही काहीही लिहिता येतं. दोन्ही ओळखायला मी हीच परीक्षा लावतो.

म्हणून कोडला मी ‘संकेत’ म्हणतो. संकेत म्हणजे दोघांत आधी ठरलेलं. संस्कृत काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी भेटायची ठरवलेली जागा. आता त्या शब्दावर वीजबिल भरतात, असो. सायफरला ‘कूटलिपी’ चालेल. कूट म्हणजे फसवं, गुंतागुंतीचं, कूटप्रश्नातलं. शेंगदाण्याच्या कुटाशी त्याचं नातं नाही, ते कुटण्यातून आलं. पण कूटलिपी हा शब्द बोलताना जिभेवर बसत नाही, आणि सायफर आता कळतो, तर सायफर म्हणावं. उगाच सोवळं पाळू नये.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी जुन्या आहेत. कौटिल्याने हेरांनी बातम्या ‘संज्ञालिपी’ वापरून पोचवाव्यात असं सांगितलं आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे मुद्दाम दुर्बोध केलेलं बोलणं ही एक कला आहे, आणि त्यावरच्या टीकेत ‘मूलदेवीय’ नावाची रीत येते. ती अस्सल सायफर आहे. अक्षरांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीतलं एक आलं की दुसरं लिहायचं: अ-क, ख-ग, च-ट, त-प, न-म, र-ष, ल-स, य-श, अशा. जोडीत नसलेलं अक्षर तसंच ठेवायचं, मात्रा जागच्या जागी. करून बघा. सातारा होतं ‘लापाषा’. सांगली होते ‘लांखसी’. मिरज ‘निषज’ आणि तासगाव ‘पालखाव’. उलट करायला वेगळं काही शिकावं लागत नाही, पुन्हा त्याच जोड्या लावायच्या.

ही रीत फोडायला मात्र फार वेळ लागत नाही. मराठीत दर दुसरं वाक्य ‘आहे’ने संपतं, ते सगळीकडे ‘काहे’ होऊन बसतं. एकच तुकडा वाक्याच्या शेवटी पुन्हा पुन्हा दिसला की तो कोण हे सांगायला नको. कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजून सायफर फोडायची ही युक्ती पहिल्यांदा लिहून ठेवली ती नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने. सिफ्र हा शब्द आणि सायफर फोडायची रीत, दोन्ही एकाच मुलखातून पुढे गेली.

करपल्लवी हा शब्द आता मागे पडला, नेत्रपल्लवी तेवढी कादंबऱ्यांत उरली, तीही नुसत्या डोळ्यांच्या इशाऱ्यांसाठी. करपल्लवी म्हणजे हाताच्या खुणांनी अक्षरं दाखवणं. लक्षात ठेवायला एक पद्य होतं आणि त्यात आठ खुणा ओळीने: अहिफणा, कमळ, चक्र, टंकार, तरू, पर्वत, यौवन, शृंगार. पाठ ठिकठिकाणी थोडा बदलतो, पर्वताच्या जागी कुठे पवन असतो. पण पहिली अक्षरं बघा: अ, क, च, ट, त, प, य, श. ही वर्णमालेच्या वर्गांची नावं झाली. आधी खुणेने वर्ग दाखवायचा, मग त्या वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी, आणि मात्रा चुटकीने. सातारा सांगायचं तर शृंगाराची खूण आणि तीन बोटं (श, ष, स), दोन चुटक्या म्हणजे आ. मग तरू आणि एक बोट, पुन्हा दोन चुटक्या. मग यौवन आणि दोन बोटं, आणि दोन चुटक्या. दोन आकड्यांनी एक अक्षर दाखवायची हीच कल्पना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने मशालींसाठी दिली आहे.

बाजाराची रीत आणखी वेगळी. खरसुंडी किंवा पुसेगावच्या यात्रेत खिल्लार बैलांचा सौदा करताना हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, ते तुम्ही पाहिलं असेल. त्यात सायफर काही नाही. बोटं म्हणजे आकडे, शेकडा धरायचा की हजार हे बैलाकडे बघून दोघांनाही कळतं. लपवलेलं असतं ते फक्त हाताचं हलणं. धान्य, गूळ, हळदीच्या पेठांतही असे झाकले सौदे चालत, त्याला हत्ता म्हणत. बाजार समित्यांत उघडे लिलाव आले ते या झाकपाकीला आळा घालायलाच.

दलालांची बोलण्याची भाषा होती ती नंदभाषा. तीत आकड्यांना वेगळेच शब्द: केवली, उधानू, पोकू, मुळू, आंगळू. गिऱ्हाइकासमोर दोन दलाल ‘पोकूला सोड’ म्हणाले तर गिऱ्हाईक नुसतं तोंडाकडे बघणार. हा शुद्ध संकेत, कोड. त्यातला कुठला शब्द म्हणजे कितीचा आकडा हे विसरलं गेलं असतं तर कसं शोधणार? इथे एक छान वाट आहे. नंदभाषेत शंकराचं वर्णन करणारी एक जुनी रचना आहे. तीत स्वामी ‘मुळू’ मुखांचा, ‘उधानू’ डोळ्यांचा आणि ‘आंगळू’ हातांचा आहे. शंकर पंचमुखी, त्रिनेत्र, दशभुज. झालं! मुळू पाच, उधानू तीन, आंगळू दहा. मजकुरात काय असणार हे आधीच माहीत असेल तर संकेत आपोआप सुटतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे संदेश फोडणारे लोक हवामानाच्या ठरावीक शब्दांवरून हेच करत होते.

आणि आता तुमची वही. तुम्ही ‘गज’ वाचून कापडाचं माप समजलात, ‘नग’ वाचून एक नग समजलात. कापडाच्या दुकानात तसं वाटणारच, आणि आजोबांना बहुधा तेच हवं होतं. पण ओळी एकाखाली एक मांडून बघा. पाठवलेल्या फोटोतल्या सहा ओळी अशा आहेत. तिरक्या रेघेच्या आधी आणि नंतर अक्षरं, आणि शेवटी उघड आकडा:

स/गज, ८
ख/गन, ९॥
क/गद, १०॥।
र/द, ११।
गज/ग०, १५
नग/क, ६१

शेवटचा आकडा विक्रीचा भाव. ॥ म्हणजे अर्धा, ॥। म्हणजे पाऊण, । म्हणजे पाव, ही त्या काळची रोजची लिखावट. मग आधीची अक्षरं काय असतील? कापडाच्या दुकानात चिठ्ठीवर दोनच भाव असतात, विकायचा उघड आणि खरेदीचा झाकलेला. नोकराला घासाघीस कुठवर ताणायची हे कळावं, गिऱ्हाइकाला कळू नये, म्हणून.

तिरक्या रेघेने भाग पडलेत ते रुपये आणि आणे. आणे पंधरापर्यंतच, सोळाव्या आण्याला रुपया होतो. हा धागा धरा. आण्यांच्या जागी जिथे दोन अक्षरं आहेत तिथे पहिलं अक्षर एकच असायला हवं, कारण दहा ते पंधरा या सगळ्यांची सुरुवात एकाने होते. पाठवलेल्या सगळ्या पानांवर तिथे ‘ग’ आहे, दुसरं काहीही नाही. म्हणजे ग बरोबर १. त्याच्या पुढे येऊ शकतात ०, १, २, ३, ४, ५ एवढेच. तुमच्या पानांवर गच्या पुढे येतात ते टिंब, ग, ज, व, द आणि न. टिंब रुपयांच्या सुरुवातीला एकदाही येत नाही, तेव्हा ते शून्य. हाच तो पूज्य.

ग एक, आणि ज, व, द, न हे दोन ते पाच, कुठल्यातरी क्रमाने. सांगलीतलं दुकान, गल्ल्यावर गणपती. क्रम मी सांगायची गरज आहे? ग-ज-व-द-न. पाच अक्षरं, एकही पुन्हा येत नाही, नेमकी एक ते पाच. उरली स, ख, क, र, आणि उरले सहा, सात, आठ, नऊ. विक्रीचा भाव चढत जातो त्या क्रमाने तुमच्या पहिल्या चार ओळींतली पहिली अक्षरं वरून खाली वाचा. ‘सुखकर’, उकार गाळून. गजवदन सुखकर: नऊ अक्षरं, नऊ अंक, आणि शून्याला टिंब.

नुसतं जुळलं म्हणून मान्य करायचं नाही, हिशेब लावून बघायचा. गज/ग० म्हणजे बारा रुपये दहा आणे, विक्री पंधरा. नग/क म्हणजे एक्कावन्न रुपये आठ आणे, विक्री एकसष्ट. हा शालू असावा. स/गज सहा रुपये बारा आणे, विक्री आठ. र/द नऊ रुपये चार आणे, विक्री सव्वाअकरा. सहाही ओळींत नफा रुपयाला तीन ते साडेतीन आण्यांच्या आसपास बसतो. किल्ली चुकीची असती तर एखाद्या ओळीत तोटा किंवा दुप्पट नफा निघाला असता.

युरोपात अक्षरांच्या जागी अंक आले म्हणून त्या लेखनाला सायफर हे नाव पडलं. तुमच्या आजोबांनी अंकांच्या जागी अक्षरं घातली, दिशा उलटी, जात तीच. संकेत म्हणाल तर नाही, कारण या किल्लीने कोणताही भाव लिहिता येतो, आधी ठरवावा लागत नाही. व्यापाऱ्याला याहून जास्त मजबूत काही लागतही नव्हतं. समोरचं गिऱ्हाईक दुकानात बसून पानंच्या पानं मांडून बघणार नव्हतं, आणि शेजारच्या दुकानदाराची स्वतःची अशीच एक किल्ली होती.

वहीची काळजी: लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, पिना गंजल्या असतील तर हळूच काढा, आणि सगळ्या पानांचे फोटो दिवसाच्या उजेडात सरळ वरून घ्या. मागच्या पानांवर १९५७ नंतरच्या नोंदी असतील तर त्या आधी बघा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर भाग झाले. त्यानंतर तिरक्या रेघेपुढच्या दोन अक्षरांत पहिलं अक्षर ‘ग’च असायचं कारण उरत नाही, तिथे न, ख, र काहीही दिसायला हवं. तसं दिसलं तर किल्ली पक्की. अजून ‘ग’च दिसत असेल तर आजोबा नव्या पैशांतही आण्यांचाच हिशेब करत होते, पुष्कळ जुने व्यापारी करत. तशी पानं सापडली तर पाठवा, बघू.